किती शून्यं द्यायची, बाई?

मंडळी, आज थोडं शाळेतलं.

माझं बालपण शेर-मणाच्या राज्यात सुरू झालं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं येऊ लागली, तेव्हा मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते. घरी आई ‘पावशेर साखर आण’ म्हणायची आणि शाळेत गुरुजी ग्रॅम-किलोग्रॅम घोकून घ्यायचे. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार... हे सगळं गेलं आणि दहाच्या पटीतला कारभार आला. केवढी सोय झाली!

पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले आणि शिक्षिका झाले. शाळेत गणिताला कुणी मिळेना, म्हणून पाचवी ते सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मुलांना किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली ही घरं तोंडपाठ असायची. पण उदाहरण घातलं की पहिला प्रश्न ठरलेला, “बाई, किती शून्यं द्यायची?” ३५० ग्रॅमचे ३.५ किलो करून मुलं खुशाल पुढच्या उदाहरणाकडे वळायची. दहाच्या पटीची ही एक गंमत आहे. टिंब इकडेतिकडे सरकवलं की काहीतरी उत्तर येतंच, म्हणून ते बरोबर आहे का हे बघावंसं वाटत नाही.

मग मी एक शिस्त लावली. आधी तोंडी सांगायचं, आकडा वाढणार की कमी होणार? पिंप बादलीने भरलं तर खेपा कमी, तांब्याने भरलं तर जास्त. माप लहान तर आकडा मोठा. एवढं पटलं की निम्म्या चुका आपोआप जायच्या. बाजारात भाजी विकायला बसणारी मुलं यात सगळ्यांच्या पुढे असत. पाव किलो म्हणजे किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक असायचं.

खरी फजिती व्हायची क्षेत्रफळात. एका चौरस मीटरचे चौरस सेंटिमीटर किती? सगळा वर्ग एका सुरात, “शंभर!” मग मी खडूने जमिनीवरच एक मीटरचा चौकोन काढायला लावायची आणि त्यात दहा-दहा सेंटिमीटरवर रेघा. शंभर घरं व्हायची. एकेका घरात पुन्हा शंभर चौरस सेंटिमीटर. म्हणजे दहा हजार! गुडघ्यावर बसून मोजलेलं उत्तर मग कुणी विसरत नसे.

हे सारं परीक्षेपुरतं नव्हतं. गावात बोलणं एकर-गुंठ्यांत आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. शंभर आरचा हेक्टर, शंभर चौरस मीटरचा आर. चाळीस गुंठ्यांच्या एकराचे साधारण साडेचाळीस आर होतात, म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच. पण ०.०५ हेक्टर म्हणजे पाच आर आणि ०.५० म्हणजे पन्नास. एका शून्याच्या जागेने पाच गुंठ्यांचे पन्नास होतात. ज्या घरात वडिलांना वाचता येत नाही, तिथे तो कागद सातवीतलं पोरच वाचणार. त्याला हे नीट आलं नाही तर दुसरा सांगेल ते खरं मानायचं.

आता आमच्या वयाला हेच गणित औषधांच्या पाकिटावर भेटतं. थायरॉइडच्या गोळीवर ५० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. टिंब एक घर सरकलं की डोस दहापट! म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं, गोळी घेण्याआधी आकड्याबरोबर एककही वाचत जा आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारा.

असो. सुट्टीत नातवंडं आली की त्यांना चौरस मीटरचा तो प्रश्न विचारून बघा. “शंभर” म्हणाली तर रागावू नका. हातात खडू द्या आणि अंगण दाखवा. काय उत्तर आलं ते मलाही कळवा!