कांचेंतील समुद्र

गोदातीरीं राहून घरांत खारा समुद्र पाळण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला, तेव्हां नाशिकच्या आमच्या स्नेह्यांनीं आमच्या वयाकडे पाहून मौन धारण केलें. मुंबईस १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय आम्हीं विद्यार्थिदशेंत पाहिलें होतें. तेथील निळ्या प्रकाशाची भूल अद्याप उतरलेली नाहीं, एवढेंच आमचें समर्थन. १५० लिटरांची पेटी, लिटरामागें सुमारें ३५ ग्रॅम समुद्री क्षार, आणि नातीच्या हट्टास्तव आणलेले दोन नारिंगी मासे, असा हा आमचा समुद्र.

दुसऱ्या महिन्यांत वाळूवर तपकिरी लेप चढला. त्याची आम्हीं फारशी चिंता केली नाहीं. पाण्यांतील सिलिकेवर डायटम नांवाचे सूक्ष्म जीव आपलीं कवचें बांधतात, व ती संपली कीं बहुधा आपण होऊन ओसरतात. खरी पंचाईत पुढेंच होती. एके सकाळीं खडकांवर तांबूस, बुळबुळीत पडदा पसरलेला दिसला. लोक ह्यास शेवाळ म्हणतात. वस्तुतः ते सायनोबॅक्टेरिया नांवाचे जीवाणू होत. सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु सांठूं लागला, तो ह्यांच्याच पूर्वजांच्या कृपेनें. अशा कुलीन घराण्यास हांकलून देतांना मनुष्यानें थोडें ओशाळावें, असें आम्हांस वाटतें.

एका दुकानदारानें एरिथ्रोमायसिनची पुडी दिली. दोन दिवसांत सारें स्वच्छ होईल म्हणाला. होईलही. परंतु त्याच वाळूंत दुसरे जीवाणू नांदत असतात. माशांच्या विष्ठेंतून व उष्ट्यांतून अमोनिया निघतो, तो माशांस विष. हे जीवाणू त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंचसें निरुपद्रवी नायट्रेट करतात. औषध आपपर पाहीलच, ह्याची हमी कोण देणार? हे कामकरी मेले तर दोन्ही मासे आपल्याच मळानें मरावयाचे. घरांत दोन तट पडले. घरच्या मंडळींचा पक्ष पुडीचा, आमचा उपासाचा.

कारण मूळ अपराध अन्नाचा होता. नात दिवसांतून तीनदां मुठीनें खाद्य टाकी. गोदावरींत सांडपाणी आणि निर्माल्य जातें व जलपर्णी माजते. तिचें आणि आमच्या पेटीचें गणित एकच, नायट्रेट व फॉस्फेट ह्यांचें. आम्हीं खाद्य दिवसांतून एकदांच, दोन मिनिटांत संपेल इतकें, ठरविलें. दिवा बारा तासांऐवजीं सात तास. दर रविवारीं नळीनें तो पडदा ओढून काढावयाचा, पांचवा हिस्सा पाणी बदलावयाचें, तेंही आर. ओ. यंत्राचें, आणि पंपाचें तोंड खडकामागील संथ कोपऱ्याकडे वळवावयाचें.

हें सारें सोपें. कठीण गेलें तें निराळेंच. सायंकाळीं दोन्ही मासे कांचेशीं येऊन तोंडें उघडीत, आणि नात विचारी, “आजोबा, ते उपाशी आहेत ना?” लहान मासा अल्प अन्नावर सुखानें राहतो, हें शास्त्र तिला पटेना. चार दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं. पांचव्या दिवशीं मात्र तिनें स्वतःच खाद्याचे दाणे मोजले, चौदा.

तिसऱ्या आठवड्यांत पडदा विरळ झाला. आतां खडकामागें तळहाताएवढा डाग उरला आहे, आणि मागच्या कांचेवरील हिरवें शेवाळ आम्हीं मुद्दाम गोगलगायींकरितां ठेविलें आहे. पुडी कपाटांतच आहे. घरच्या मंडळी अधूनमधून तिच्यावरील मुदत वाचून पाहतात.