युनिक्सचा वारस कोण?

१/ १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतली. १९७३ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले.

२/ बर्कले येथील विद्यापीठात याच सोर्स कोडवर काम होऊन बीएसडी जन्मली. वंश निर्विवाद होता. तरीही १९९२ मध्ये एटीअँडटीच्या उपकंपनीने न्यायालयात दावा लावला. १९९४ मध्ये तडजोड झाली. काही फाइली वगळाव्या लागल्या. बीएसडी तगली, पण युनिक्स या नावावाचून.

३/ लिनक्सची गोष्ट उलट आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीतील २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने तिचा कर्नल मूळ युनिक्सचा कोड न घेता लिहिला. वंश नाही, तरी वळण तेच: एकाच मुळातून फुटलेला फाइलींचा वृक्ष, फाइलींप्रमाणे हाताळली जाणारी उपकरणे, पाइपने जोडलेले छोटे प्रोग्रॅम.

४/ या वळणाला १९८८ च्या पॉझिक्स मानकाने आधीच लिखित रूप दिले होते. नाव मात्र आज ओपन ग्रुपचे व्यापारचिन्ह आहे. चाचणी आणि शुल्काशिवाय ते लावता येत नाही. ॲपलच्या मॅक ओएस एक्सने ते २००७ मध्ये मिळवले. बहुतेक लिनक्स आवृत्त्या त्या वाटेला गेल्या नाहीत.

५/ म्हणूनच ‘युनिक्ससदृश’ हा शब्द रूढ झाला. गायकीचे घराणे जसे शिष्यांकडूनही पुढे जाते, तसेच हे. फाइली कोणाच्या, हे तडजोडीने ठरले. कामाची रीत मात्र ज्याने आत्मसात केली त्याची झाली.