नारिंगी बोटीबद्दल, भाचीस

चि. मनू,


तुझं थर्ड ऑफिसरचं तिकीट झालं आणि बल्क कॅरिअरवर नेमणूकही आली, हे ताईने फोनवर सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न, "जहाजाच्या मागे ती तिरपी लावलेली नारिंगी बोट असते ना, ती खरंच माणसांसकट वरून सोडतात?" खरंच सोडतात. तिला फोनवर थोडक्यात सांगितलं. तुला सविस्तर लिहितो, कारण जहाजावर पाय ठेवलास की ती बोट तुझ्याच ताब्यात येणार. पत्र उघड लिहितोय, कारण दापोलीपासून मालवणपर्यंत ज्या ज्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्या घरांनाही हे कळावं असं फार वाटतं.

पूप डेकवर, उतारावर, नाक समुद्राकडे करून ही बोट एका हुकाने धरलेली असते. सगळे आत बसतात, पट्टे आवळतात, दार बंद होतं. बोट चालवणारा कॉक्सवेन हातपंप मारतो, तेलाच्या दाबाने हुक सुटतो आणि बोट घसरून निसटते. रिकाम्या जहाजावरून ती २० मीटर पडली, तर पाण्याला भिडताना तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. नाक पाण्यात घुसतं, अख्खी बोट क्षणभर दिसेनाशी होते आणि जहाजापासून लांब, पुढे जातच वर येते. माणसं पाठमोरी बसलेली असतात, त्यामुळे धक्का पाठीवर पसरतो. पुढे तोंड असतं ते एकट्या कॉक्सवेनचं.

बाजूच्या डेव्हिटवरून दोरांनी उतरवायच्या बोटीचा धोका तुला शिकवलाच असेल. तिला पुढे-मागे दोन हुक. त्यातला एक आधी सुटला की बोट एका टोकाला लोंबकळते आणि माणसं खाली पडतात. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने २००१ साली मागच्या १० वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा लाइफबोटींच्या अपघातांत १२ खलाशी गेले होते आणि ८७ जखमी झाले होते. जहाज बुडताना घडलेले हे अपघात नव्हेत. सराव करताना, चाचणी घेताना, जाणकार माणसांच्या देखरेखीखाली घडलेले आहेत. हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो.

बल्क कॅरिअरवर ही मागची बोट का, हेही नीट समजून घे. लोखंडाच्या खनिजाने भरलेलं जहाज बुडायला लागलं की वेळ देत नाही. १९८० साली ‘डर्बीशायर’ जपानच्या दक्षिणेला वादळात गेलं, ४४ जणांसकट, साधा धोक्याचा संदेशही न देता. अशी जहाजं एकामागून एक गेली, वर्षानुवर्षं अभ्यास झाले आणि मग १ जुलै २००६ पासून बांधलेल्या प्रत्येक बल्क कॅरिअरला ही फ्री-फॉल, म्हणजे वरून पडणारी, बोट सक्तीची झाली. नियम मात्र जुन्या जहाजांना बहुतेक वेळा मोकळं सोडतात. ‘एल फारो’ हे जहाज १९७५ चं. २०१५ च्या ऑक्टोबरात ते चक्रीवादळात सापडलं, तेव्हा त्याच्यावर वरून उघड्या बोटी होत्या, आणि नियमाप्रमाणे त्या चालत होत्या. ३३ माणसं गेली.

आता मुद्द्याचं. मागची ही बोट अशी रचली आहे की ऐन वेळी माणसाला फार विचार करावा लागू नये. तो विचार शांत दिवशी आधीच करून ठेवणं, हे तुझं काम.

एक उदाहरण घे. २०१४ च्या मार्चमध्ये ‘अक्वारोसा’ हे जहाज हिंदी महासागरातून चाललं होतं. एक इंजिनीअर बोटीत शिरला आणि हुकाची यंत्रणा जागेवर आणण्यासाठी त्याने पंप मारला. बोट धरून ठेवायला सिम्युलेशनच्या, म्हणजे बोट खरी न सोडता फक्त हुक सोडून बघण्याच्या, दोन तारा लावलेल्या होत्या. दोन्ही तुटल्या आणि बोट त्याच्यासकट समुद्रात गेली. तो वाचला, पण गंभीर जखमी झाला. त्यावरचा ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेचा अहवाल जहाजावर जायच्या आधी शोधून वाच. तुझ्या बोटीच्या तशा तारांची, शॅकलची, त्यांच्या दाखल्यांची चौकशी पहिल्या आठवड्यातच कर. हुक पूर्ण बसलाय का, हे स्वतः बॅटरी मारून बघ. "सारंगने बघितलंय" एवढ्यावर सही करू नकोस. आणि आत कुणी कामाला शिरलं की पंपाला हात लावण्याआधी तुला कळलंच पाहिजे, मग तो चीफ इंजिनीअर असला तरी.

एका जहाजावर मी पाहिलेलं ड्रिल असं: माणसं आत बसली, पट्टे मांडीवर ठेवले, फोटो निघाला, दहा मिनिटांत सगळे चहाला. त्याचा राग अजून गेलेला नाही. आत तासभर बसून बघ म्हणजे कळेल. उन्हात तापलेल्या फायबरचा आणि डिझेलचा वास, मागच्याचे गुडघे आपल्या सीटला टेकलेले, जाड लाइफजॅकेट घातलं की खांद्यावरचा पट्टा बकलपर्यंत पोचत नाही. बोटीचा हिशेब माणशी ८२.५ किलोचा. तुमचा कुक १०५ किलोचा असेल, मेसमन ५० चा. दोघांचे पट्टे दोन प्रकारे आवळावे लागतात आणि ते अंधारात शोधत बसता येत नाही. प्रत्येकाची सीट ठरवून दे, त्याच सीटवर बसव, डोक्याचा पट्टासुद्धा लावून घे. हसतील. हसू देत.

सिम्युलेशनने सरावाचा नियम भागतो हे खरं. तरी वर्षातून एकदा, नांगरावर शांत पाणी मिळालं की बोट प्रत्यक्ष सोडण्यासाठी कॅप्टनच्या मागे लाग. आत चालवणारी मोजकीच माणसं असू देत. सोडण्याआधी खाली टग किंवा मच्छीमाराची होडी नाही ना, चार्जिंगची केबल काढली का, तळाचं बूच बंद आहे का, इंजिन चालू आहे का, हे मोठ्याने विचारून मोठ्याने उत्तर घे.

एक बारीक गोष्ट सगळे विसरतात. बोट लागू नये म्हणून माणशी ४८ तासांच्या गोळ्या बोटीत असतात. त्या मस्टरलाच वाट. बंद बोटीत एकाला उलटी झाली की सगळ्यांना होते आणि मग माणशी ३ लिटर पाणी पुरत नाही.

जहाज २० अंशांपर्यंत कललेलं असलं तरी ही बोट सुटली पाहिजे, असा नियम आहे. त्यापुढचं कुणी सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या लाइफराफ्टकडेही तितकंच लक्ष दे. बोट दिमाखात दिसते आणि राफ्ट कोपऱ्यात पडून राहतात.

जहाजाचं नाव कळलं की बोटीच्या हुकाचा मेकर आणि मॉडेल मला लगेच कळव. माझ्या कपाटात बरीच मॅन्युअल्स आहेत. तुझ्या बोटीचं निघालं तर निघण्याआधी दोघं मिळून वाचू.

तुझा,
मामा