उजवीकडची खिडकी

आईच्या हिशेबात कोल्हापूर ते तिरुपती म्हणजे एक दुपार, एक अख्खी रात्र आणि दुसरी सकाळ. हरिप्रिया एक्स्प्रेस दुपारच्या सुमारास कोल्हापुरातून निघते आणि मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोचवते. रुळांवरून हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास भरतं. वर्षातून एकदा बालाजी हा तिचा नेम होता. अंबाबाईच्या दर्शनाशिवाय बालाजीची यात्रा पुरी होत नाही, अशी अनेकांची श्रद्धा. तिरुपती देवस्थानाकडून दरवर्षी देवीला शालू येतो, तो पाहायला आई न चुकता जायची. तरुणपणी अलिपिरीच्या साडेतीन हजार पायऱ्या ती अनवाणी चढली होती. मग गुडघे गेले आणि डब्याचा दांडा धरून रेल्वेत चढणंही जमेना. दोन वर्षं नेम चुकला. ती काही बोलली नाही, पण देवघरातल्या तसबिरीसमोर जरा जास्त वेळ बसू लागली.

२०१९ च्या मे महिन्यात ‘उडान’ योजनेखाली कोल्हापूर–तिरुपती थेट विमान सुरू झालं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे बातमी वाचल्यावर आधी नकाशावही उघडली. कोल्हापूर आणि तिरुपतीच्या अक्षांशांत साधारण तीन अंशांचा फरक आहे, रेखांशांत सव्वापाच अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, आणि आपल्या या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०७ च्या जवळ. वर्गात फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि मुलांकडून कर्ण काढून घेतला. उत्तर आलं साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. विमान काही पट्टी धरून उडत नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, चार-दोन वळणं घेतं. तरी दीड तासाचा प्रवास. मी पेन्सिलीने सरळ रेघ ओढली तर ती बदामी, बळ्ळारी, अनंतपूर यांना जवळजवळ शिवून गेली.

तिकिटं काढली ऑगस्टची. त्या ऑगस्टात महापूर आला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं, शहराचा संपर्क तुटला, आमच्याकडेही पाहुण्यांची दोन घरं येऊन राहिली. बालाजीचं नाव पुन्हा निघालं ते जानेवारीत.

उजळाईवाडीचा विमानतळ घरापासून अर्ध्या तासावर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा तळ. मधे कितीतरी वर्षं तिथे नियमित विमान नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा धावपट्टी जेमतेम चौदाशे मीटरची होती आणि रात्री विमान उतरण्याची सोय नव्हती. मोठी जेट विमानं एवढ्याशा पट्टीवर उतरू शकत नाहीत, म्हणून इथे यायचं ते पंख्यांचं एटीआर. याच आखूडपणाचा आईला फायदा झाला, असं मला आजही वाटतं. मुंबईच्या विमानतळावर नुसतं दारापासून विमानापर्यंत जायचं तर तिला चाकाची खुर्ची लागली असती. इथे आत शिरलो, तपासणी झाली, आणि समोरच विमान उभं. ती माझा हात धरून, थांबत थांबत, स्वतः चालत गेली. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं आणि त्याच्याच पोटातून शिडी उघडते. पायऱ्या किती आहेत ते तिने लांबूनच मोजलं.

“पाच-सहाच हायत की गं,” ती म्हणाली.

उजवीकडची खिडकी मी मुद्दाम मागून घेतली होती. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. शिवाय हे विमान फार उंचावरून जात नाही. उसाची हिरवी चौकटं मागे पडली, काळी रानं आली, मग तांबूस उघडी माळरानं. आई पहिली दहा मिनिटं डोळे मिटून पुटपुटत होती. पंख्यांच्या घरघरीची सवय झाल्यावर तिने कपाळ काचेला टेकवलं. अर्धा-पाऊण तास झाला असेल, दूरवर खडकाळ टेकड्यांच्या कडेला पाण्याचा एक मोठा पत्रा उन्हात चमकू लागला.

“ह्यो कुठला समुद्र?”

“तुंगभद्रेचं धरण, आई. होस्पेट.”

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. हरिप्रिया होस्पेटला पोचते ती रात्री. पंचवीस वर्षं ती त्या स्टेशनावरून गेली होती, चहावाल्यांचे आवाज ऐकले होते, खिडकीतून घेतलेला चहा प्यायली होती. स्टेशनाच्या दिव्यांपलीकडे एवढं पाणी आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं. “एवढं मोठं हुतं, आन मी झोपून जात हुतो,” ती हळूच म्हणाली. नकाशावर ते धरण मी शेकडो मुलांना दाखवलं असेल. घरात आईला दाखवावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं, याचं त्या क्षणी फार वाईट वाटलं. ते पाणी मागे सरून दिसेनासं होईपर्यंत ती मान वळवून पाहत होती.

रेणीगुंट्याच्या विमानतळावर दार उघडलं आणि गरम हवेचा झोत आला. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, रेणीगुंटा जेमतेम शंभरावर. जानेवारीतही अंगातलं स्वेटर काढावं लागलं. तिथून तिरुपती पंधरा किलोमीटर, मग तिरुमलाचा घाट. सकाळी घरून निघताना बांधून घेतलेली शिदोरी सोडायची राहूनच गेली होती. ती आम्ही घाट चढण्याआधी, गाडी थांबवून, झाडाखाली खाल्ली.

दर्शन झालं. लाडू घेतले. परतीच्या दिवशी विमानतळावर मी बोर्डिंग पास घ्यायला खिडकीशी उभी होते, तेवढ्यात मागून आईने माझा पदर ओढला.

“जाताना उजवीकडं हुतं न्हवं? मग आता डावीकडची माग.”