बाप्तिस्म्यानंतर

जानकीपुरम, लखनौ

चि. भाचीस,

बाळाचा बाप्तिस्मा आत्ताच करावा की त्याला कळू लागल्यावर त्याचे त्यानेच ठरवावे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: बाप्तिस्मा झालेली कितीतरी माणसे लोभी आणि रागीटच राहतात, मग त्या पाण्याने साधले काय? ख्रिस्तसभेने याकडे डोळेझाक केलेली नाही. आदिपाप धुतले जाते, पण वासनेची ओढ उरते आणि तिच्याशी झुंजावे लागते, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली सांगितले. मिळालेली कृपा सत्कर्मांनी वाढत जाते, हे तिने पुढच्या वर्षी स्पष्ट केले. तेव्हा बाप्तिस्मा ही सुरुवात आहे. ती फुकट मिळते, पण जोपासावी लागते.

याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच होता. जुनी पुराणे सुटली, आता ऐकायचे काय, ही त्यांची भूक होती. पाणी घातले की काम संपले, असे मानणाऱ्याने एवढा खटाटोप केला नसता. त्या काळच्या गोव्यात धर्मांतरामागे राजसत्तेचा दाब होता, असा आक्षेप तू घेशील. तो खराच आहे. श्रद्धेचा स्वीकार मुक्तपणेच झाला पाहिजे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ठामपणे मांडले. त्या दाबाने माणसांना देवळापर्यंत आणले असेल. कृपेत वाढवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

मग अजाण बाळाला न विचारता बाप्तिस्मा देणे ही बळजबरी नव्हे का? मातृभाषाही आपण बाळाला विचारून देत नाही. पुढे तिच्यात काय बोलायचे ते त्याचे तोच ठरवतो. देवाची कृपा आपल्या लायकीची वाट पाहत नाही, आणि हे तान्ह्या बाळाइतके स्पष्ट कोण दाखवील? पण सगळे कृपेनेच होते, तर आपल्या धडपडीला अर्थ काय? माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो, या पेलाजियसच्या मताला उत्तर देताना संत ऑगस्टीनने सांगितले, की धडपडण्याची इच्छासुद्धा कृपेनेच जागी होते. म्हणून प्रार्थना, पापनिवेदन आणि मिस्सा हे कृपेचे मोल चुकते करण्याचे मार्ग नव्हेत. कृपेला आपल्यात काम करू देण्याचे आहेत.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेतला ८६८ वा नियम मात्र नीट वाच. मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा मुळीच नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असे तो सांगतो. म्हणजे बाळाच्या संमतीआधी तुम्हा दोघांची तयारी तपासायला हवी. ती असेल तर थांबू नका. नसेल, तर नातेवाइकांच्या आग्रहाखातर तारीख ठरवू नका. आधी फादरांशी बोला. धर्ममातापिताही नात्याचा मान राखण्यासाठी निवडू नका. बाळाला प्रार्थना शिकवण्याइतका वेळ देतील, अशीच माणसे बघा.

तुझा मामा