भुजोडीची लोकर

बडोद्याहून कच्छात जाणाऱ्याने भुजजवळची भुजोडी अवश्य पाहावी. रबारी मेंढपाळांनी लोकर द्यावी आणि वणकरांनी 'धाबळो' विणून द्यावा (आपली धाबळी सहज आठवते!), हा तेथील जुना ऋणानुबंध. आपण फेकून देतो त्या डाळिंबाच्या साली रंगाऱ्यास मोलाच्या. साली उकळून गाळाव्यात, तुरटीच्या पाण्यात मुरवलेली लोकर मंद आचेवर त्यात सोडावी. सोनसळी पिवळा चढतो. लोहाचा अंश मिसळताच तोच काळपट हिरवा होतो. फार ढवळले किंवा एकदम गार पाण्यात टाकले, तर लोकर आटून नमद्यासारखी होते. हळद मात्र फसवी, उन्हात उडते. आज ॲक्रिलिक सूत स्वस्त, म्हणून मेंढपाळाची भरड लोकर पडून राहते. शाल घेताना सूत कोणते, एवढे तरी विचारावे.