स्मरण, साठवण आणि प्रत

नव्या यंत्राची धास्ती वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण संगणकापुढे बसलेल्या सुशिक्षित गृहस्थाकडे थोडे निरखून पाहिले, तर त्याला भीती यंत्राची नसून शब्दांची वाटते, असे माझे मत झाले आहे. वास्तविक हे शब्द मुळात अगदी घरगुती आहेत. ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच पाहा ना! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तो माणसाला लावीत. वेधशाळेत किंवा कचेरीत बसून आकडेमोड करणारा इसम, एवढाच त्याचा अर्थ होता.

खरा घोटाळा ‘मेमरी’ या शब्दाने केला आहे, कारण या एका नावाखाली दोन भिन्न वस्तू नांदतात. रॅम म्हणतात ती पाटी. चालू काम तिच्यावर मांडलेले असते आणि वीज जाताच ती कोरी होते. स्टोरेज म्हणतात ते कपाट. वीज गेली तरी त्यातले जिन्नस जागच्या जागी राहतात. पाटीवरचे कपाटात नेऊन ठेवणे, याचे नाव ‘सेव्ह’ करणे. दुकानदार मोबाइल दाखवताना ‘आठ जीबी, एकशे अठ्ठावीस जीबी’ असे म्हणतो, त्यातला पहिला आकडा पाटीचा, दुसरा कपाटाचा. हा भेद ज्याला उमगला, तो पाटी अपुरी पडत असताना मोठे कपाट विकत घेणार नाही.

आता मापाविषयी. ‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधात या अर्थाने प्रथम छापला गेला. तो सुचवल्याचे श्रेय शॅनन यांनी जॉन ट्युकी यांना दिले आहे. बिट म्हणजे शून्य किंवा एक. असे आठ मिळून एक बाइट. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन लागतात. तरीसुद्धा ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या, माझ्या अदमासाने, मोबाइलने काढलेल्या एखाद्या छायाचित्राएवढ्याच जागेत मावतील. शब्द इतके स्वस्त आणि चित्रे इतकी महाग!

म्हणूनच कपाट भरले की प्रथम गदा येते ती चित्रांवर. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या पत्नीची शेवटच्या दोन वर्षांतली छायाचित्रे त्यांच्या मोबाइलमध्ये होती. जागा संपल्याची सूचना आली, तेव्हा ‘क्लाउडवर आहेतच’ अशा भरवशाने त्यांनी ती मोबाइलमधून पुसली. दोन महिन्यांनी शोधू लागले, तो तिथेही नव्हती. क्लाउड म्हणजे काही आभाळ नव्हे. दूरच्या इमारतीतले, दुसऱ्याच्या मालकीचे संगणक. तिथे त्यांची चित्रे ‘सिंक’ होत होती, आणि सिंक हा आरसा आहे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. टोपलीत पडलेली चित्रे काही दिवस राखून ठेवतात खरी, पण ती मुदत टळून गेली होती. त्यांना हवा होता तो ‘बॅकअप’, म्हणजे निराळी आणि स्वतंत्र प्रत. त्यांना कोणी फसवले नव्हते. दोन शब्दांतले अंतर तेवढे कोणी सांगितले नव्हते.

ही प्रतीची कल्पना आपल्याला परकी खासच नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मूळ रचनेनंतर तीनशे वर्षांनी हे काम करता आले, याचे कारण मधल्या काळात घरोघरी आणि मठामठांतून तिच्या प्रती उतरवल्या गेल्या होत्या. एखादे घर जळाले, एखादी पोथी वाळवीने खाल्ली, तरी ग्रंथ बुडाला नाही. आपल्या घरातल्या मोलाच्या चित्रांची व पत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या गावी, एखाद्या बहिणीकडे वा भावाकडे असावी. शेजाऱ्यांपाशी आता पत्नीचे एकच छायाचित्र उरले आहे. लग्नातले, कागदावर छापलेले. त्याची प्रत मात्र त्यांनी मुलीकडे लगेच पाठवून दिली आहे.